सहावा थर

मिरांदोलाजवळ, अंगणातला तंबू
३० मे २०१२

मारिझा,

चाळणीच्या कडेवर तळहात आपटला की आधी एक बारीक टप्प, आणि लगेच वाळूवर वाळू पडल्याची सरसर. मागे मोटरची एकसुरी गुणगुण. प्रयोगशाळेतला तो आवाज अजून कानातून गेलेला नाही. लहानपणी आजीच्या माळ्यावर रेशमाचे किडे रात्रंदिवस तुतीची पानं कुरतडायचे; तो आवाज आणि हा आवाज माझ्या डोक्यात कधीच एक झालेत. अठरा वर्षांनी तुला पत्र लिहायला बसलो तर आधी हेच सुचलं. खुशाली विचारायची राहून गेली. कशी आहेस?

मी लेआर्को. अक्षर ओळखलं असशीलच. वाळूच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहायचो.

आमच्याकडचं तू टीव्हीवर पाहिलं असशील. वीस तारखेला पहाटे पहिला धक्का बसला, काल सकाळी नऊला दुसरा. माझ्या घराच्या मागच्या भिंतीत मूठ जाईल एवढी चीर पडली आहे. अग्निशामक दलाचा माणूस दारावर लाल कागद चिकटवून गेला, आत पाऊल टाकायचं नाही म्हणून. गॅरेज तेवढं धड आहे. मी आणि शेजारची ईव्होन अंगणात तंबू ठोकून राहतो. एक तिचा, एक माझा, मधे तिच्या कोंबड्या. ईव्होन पंच्याहत्तरची आहे. नवरा गेल्यापासून मला बोल लावणं हीच तिची करमणूक.

काल टीव्हीवर एक तज्ज्ञ नकाशावर बोट ठेवून सांगत होता की आमच्या या सपाट शेतांच्या खाली डोंगर पुरलेले आहेत. आपेनिनो डोंगर दिसतो तिथे संपत नाही. त्याची सगळ्यात पुढची वळी इथे, आमच्या पायाखाली वाढते आहे, आणि नद्यांनी वरून गाळ टाकटाकून ती झाकून ठेवली आहे. लोक तोंडात बोट घालून ऐकत होते. मला हसू आलं. ईव्होन म्हणाली, "माणसं मेलीत आणि तू दात काढतोस?" तिला कसं सांगू, की हा डोंगर आपण काचेआड पाहिला होता, तू आणि मी, एकेचाळीस नंबरच्या प्रयोगात, वाळूचे थर ढकलून छोटे डोंगर घडवायच्या पेटीत.

तू तेव्हा नकाशावर आमच्या सेक्किया नदीचं वळण दाखवून म्हणायचीस, "नदी इथे उगाच वळत नाही, सिन्योर लेआर्को. खालून कुणीतरी ढुशी देतंय."

पत्र लिहायचं कारण सांगतो. विद्यापीठातून एका तरुणाचा फोन आला होता. फुल्वियो नाव. भूकंपामुळे जुन्या सगळ्या वाळूच्या प्रयोगांची यादी करताहेत, जूनअखेरीला छापायला जाते. त्याला जुन्या पेट्यांची मापं हवी होती. मी एकेचाळीसबद्दल विचारलं. त्याने सरळ वाचून दाखवलं: अविश्वसनीय, निष्कर्ष बनावट असल्याचा संशय. पुढे तुझं नाव.

मला त्या दिवशीचं तुला एक सांगायचं आहे. प्रयोग चालू असताना मधेच एक फोन आला होता. घेणं भाग होतं. त्यामुळे एक थर जरा उशिरा पडला. एवढंच. मी फुल्वियोला अजून काही बोललो नाही. आधी तुला सांगावं म्हटलं.

तुझा
लेआर्को


२ जून

मारिझा,

पहिलं पत्र टपालाच्या गाडीत टाकलं. पोस्टाची इमारत बंद आहे, चौकात एक गाडी उभी असते. पत्र पेटीत पडलं आणि मला ते परत काढून घ्यावंसं वाटलं. का ते पुढे सांगेन.

एका जागी बसवत नाही. जमीन सारखी थरथरते. कधी खरंच, कधी फक्त आपल्या पायांत. इस्त्रीच्या टेबलावर वही ठेवून उभ्याने लिहितो आहे. दोन ओळी झाल्या की गॅरेजात जाऊन येतो. तिथे कपाटामागे आपली जुनी पेटी आहे. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा भंगारात काढली होती, मी घरी आणली.

तुझा पहिला दिवस आठवतो. तू चाळणी अशी उलटी केलीस, कपातला चहा ओतावा तशी. मी म्हणालो, पोरी, ओतलेली वाळू वेगळी आणि चाळून पडलेली वाळू वेगळी. उंचावरून, सारख्या हाताने चाळलेली वाळू घट्ट बसते, दाबली की तिच्यात पडणारी चीर, म्हणजे भ्रंश, वेगळ्या कोनात फुटते. दोन देशांतल्या दोन प्रयोगशाळा महिनोन्‌महिने भांडतात आणि शेवटी निघतं काय, तर एकाचा मदतनीस ओतणारा आणि दुसऱ्याचा चाळणारा. तू तीन आठवडे नुसती चाळत राहिलीस. काचेखाली सपाट थर पाहून प्रोफेसर ओर्लांदिनी म्हणाले होते, हिला लेआर्कोचा हात लागला. त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घालत गेलो.

आणि मग ती चौकशीची खोली. लांब टेबल, तीन परीक्षक, मधे प्रोफेसर. तुझा निष्कर्ष असा होता: मोटरवरची फळी वाळूला मागून ढकलत राहिली आणि पुढच्या खळग्यात गाळ एका लयीत पडत राहिला, तर काही काळ तोच भ्रंश वाढतो, आणि मग अचानक झोपी जातो, नवा भ्रंश वीतभर पुढे, सपाट दिसणाऱ्या जागी उठतो. बाकीच्यांनी तसंच करून पाहिलं. त्यांच्या पेटीत तो जुनाच भ्रंश शेवटपर्यंत जिवंत राहिला, नव्या थरांतून उभा वर चढत गेला. उडी कुणालाच दिसली नाही. मग लोक म्हणू लागले, पोरीने फोटो बदलले.

प्रोफेसरांनी मला विचारलं, "लेआर्को, थर वेळेवर पडले होते?"

मी म्हणालो, "माझ्या हाताबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही, प्रोफेसर."

त्यांनी ते 'हो' धरलं. मीही धरू दिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. टेबलावर तुझे हात होते, नखांत निळी वाळू अडकलेली.

नंतर तुझं एक कार्ड आलं. एकच ओळ. 'तुम्हाला आठवतं तेवढंच सांगा, माझ्या बाजूने बोलू नका.' ते कार्ड माझ्याकडे आहे. उत्तर मात्र दिलं नाही. तू सार्दिनियाला गेलीस, नुओरोच्या शाळेत शिकवतेस एवढं कळलं. सगळा देश सोडून नेमकं भूकंपाने न हलणारं बेट निवडलंस.

लेआर्को


५ जून

मारिझा,

फोन आला नव्हता.

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं आणि ते तुला मिळालंही असेल. आता फाडता येत नाही, म्हणून दुसरं लिहितो.

त्या सकाळी तू तोंडी परीक्षा घ्यायला गेली होतीस. जाताना म्हणालीस, तुम्ही आहात म्हणून जाते. दर वीस मिनिटांनी एक थर टाकायचा होता. पाचवा थर दहा वीसला टाकला. दहा तीसला वाटलं, दोन मिनिटं हवा खाऊन यावी. मी मागच्या जिन्यावर गेलो.

अंगणापलीकडे प्राथमिक शाळा होती, तुला आठवत असेल. खिडक्या उघड्या होत्या. आतून मुलं कविता म्हणत होती. नावाड्याची. आम्ही ती चौथीत पाठ केली होती, युद्धाच्या वर्षी, बाईंच्या पायाशी शेगडी आणि आमच्या अंगावर आमच्या आयांच्या शाली.

पल्याड कोण हाक मारी, धुक्यात दिवा दिसेना,
नावाड्या, वल्हं थांबव जरा, ऐकू दे तरी नीट.

पन्नास वर्षांनी तीच कविता, त्याच चालीत. वर्ग तिसऱ्या कडव्यापाशी अडला. मीही तिथेच अडायचो. बाईंनी पहिल्यापासून म्हणायला लावलं. पुन्हा तिथेच अडले. मला वाटलं, एवढं कडवं निघून जाऊ दे, मग जातो. ते कडवं माझ्याही ओठांवर येत नव्हतं. शेवटी मुलांना ते आलं, मला आलं, मी त्यांच्याबरोबर पुटपुटत शेवटपर्यंत गेलो. डोळे पुसले. आणि घड्याळ पाहिलं तर दहा अठ्ठावन्न.

आत मोटर चालू होती. फळी सरकतच होती. सहावा थर पडलाच नव्हता, त्यामुळे पुढचा खळगा रिकामा, आणि वर आलेली वाळू उपाशी माणसासारखी त्यात वाकून पडलेली. त्याआधी चाळीस मॉडेलं या हाताने केली होती, असं कधी झालं नव्हतं.

मोटर थांबवायची आणि तुला बोलवायचं, एवढंच करायला हवं होतं. मी काय केलं? सहावा निळा थर टाकला, लगोलग त्याच्यावर सातवा पांढरा. थरांची संख्या बरोबर झाली. नोंदवहीत सहाव्यासमोर दहा चाळीस असं लिहिलं. तू परत आलीस, नोंद पाहिलीस आणि खाली सही केलीस.

आधी उपास आणि मग एकदम दुप्पट ओझं. त्या ओझ्याखाली जुना भ्रंश दबून गेला आणि फळीचा सगळा जोर पुढे जाऊन वीतभरावर फुटला. तुझी उडी खरी होती, मारिझा. तू जे पाहिलंस तेच लिहिलंस. फक्त ती एका लयीत पडलेल्या गाळाची उडी नव्हती. ती माझी होती.

पेटीतली वाळू ओली करून कापल्यावर ते दिसायला हवं होतं. दोन थरांच्या मधे फळी सरकली असेल तर खालचा जास्त वाकतो, वरचा कमी. सहावा आणि सातवा सारखेच वाकले होते, घडी घातलेल्या चादरीसारखे. मी रोज वाट पाहायचो, आज कुणीतरी बोट ठेवील. कुणी ठेवलं नाही. आधी हायसं वाटलं. मग तेच सोसवेना.

सगळे मला 'हात' म्हणायचे. नावाने कमी, 'हात' म्हणूनच जास्त. तुझं आयुष्य की माझं टोपणनाव, एवढाच प्रश्न होता त्या खोलीत.

लेआर्को


८ जून

मारिझा,

फुल्वियोला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सिन्योर लेआर्को, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण समिती म्हणेल, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला भूकंपानंतर एकदम आठवलं होय?" शब्द चालणार नाहीत. प्रयोग परत करून दाखवावा लागेल, तीच चूक जशीच्या तशी, आणि तेव्हाच्या प्रयोगशाळेतलं कुणीतरी साक्षीला हवं. मग तो नोंद बदलून घेईल. तीस तारखेच्या आत.

तेव्हाच्यांपैकी जिवंत कोण? तू, मी आणि ओर्लांदिनी.

तुला बोलवायची माझी छाती नाही. मी मोदेनाला प्रोफेसरांच्या घरी फोन केला. ते आता अठ्ठ्याऐंशीचे. घर सांभाळणाऱ्या बाईने नाव विचारलं, फोन बाजूला ठेवला. आत बोलणं झालेलं ऐकू आलं. परत येऊन म्हणाली, साहेब फोनवर येत नाहीत. मी म्हणालो, निरोप द्या. कसला? मी म्हणालो, एक थर उशिरा पडला होता, एवढं सांगा. बाई म्हणाली, कसला थर, केकचा?

दुसऱ्या दिवशी परत केला. या वेळी ती नुसतं 'नाही' म्हणाली आणि ठेवून दिला.

बरोबरच आहे त्यांचं. त्यांनी तुला घालवलं ते माझ्या शब्दावर. आता या वयात ते कशाला उकरतील?

लेआर्को


१२ जून

मारिझा,

साक्षीदार नसला तरी प्रयोग करायचा ठरवलं. फोटो काढून ठेवीन, पुढचं पुढे.

वाळू चाळून उन्हात वाळवली. निळा रंग मिळेना. घरात डबा होता, पण लाल कागद. ईव्होन म्हणाली, चीज पुसायची फडकी धुताना लावते ती नीळ आहे माझ्याकडे, घे. तिच्या भावाचं चीजचं गोदाम धक्क्यात कोसळलं, चाकाएवढे हजारो गोळे एकमेकांवर. ती आठवडाभर तिथे ते गोळे पुसायला जायची आणि संध्याकाळी येऊन माझ्यावर राग काढायची. "जगाची छपरं पडलीत, आणि हा बसलाय पेटीत वाळू टाकत. पोरगा असतास तर कान पिळला असता."

वेळ सांगायला मात्र तीच बसली, मांडीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन. शेंगा सोलता सोलता ओरडायची, "वीस झाली रे."

खरी अडचण हाताची. हात कापतो. चाळणी धरली की वाळू एका बाजूला जास्त पडते. मनगटाला कापडाची पट्टी बांधली, कोपर लाकडी ठोकळ्यावर टेकवलं. पहिले दोन थर वाईट, तिसरा बरा, चौथा जवळजवळ माझा. पाचवा टाकला, दहा मिनिटं थांबलो, आणि अठरा वर्षांपूर्वीसारखाच बाहेर गेलो. या वेळी मुद्दाम. ठरलेली अठ्ठावीस मिनिटं कुंपणापाशी उभा राहिलो. कविता आठवून पाहिली. पहिलं कडवं आलं, दुसरं आलं.

अकरा मिनिटं झाली आणि जमीन हलली. फार नाही, कोंबड्या फडफडल्या एवढंच. पण मी गॅरेजात गेलो तर पेटीतले उतार ढासळून सगळे सपाट. निळं, पांढरं एकमेकांत. माझ्या सगळ्या थरांचं पीठ झालं होतं.

मी खुर्चीवर बसलो. ईव्होन दारात आली. मला वाटलं, आता टोमणा. ती म्हणाली, "ही पोरगी कोण आहे, लेआर्को? इतकं कुणासाठी चाललंय?"

मी सांगितलं. सगळं, जिन्यापासून.

ती बराच वेळ शेंगेचं साल बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "एवढंसं तोंड उघडायला अठरा वर्षं? मला ना एका बाजूने तुझी कीव येते आणि दुसऱ्या बाजूने तोंड बघू नये असं वाटतं." शेंगांचं भांडं उचलून गेली. रात्री जेवायला हाक आली नाही. सकाळी बाहेर आलो तर ती गॅरेजात आधीच वाळू चाळत होती. ओतत होती खरं तर. तिने वर पाहिलं आणि चाळणी माझ्या हातात दिली.

तुझ्याकडून अजून काही नाही. मी वाट पाहत नाही असं लिहिणार होतो. आता खोटं लिहीत नाही.

लेआर्को


१५ जून, दुपार

मारिझा,

झालं.

काल धक्का नव्हता. आठ थर, सहावा आणि सातवा एकापाठोपाठ. मी काचेला नाक लावून बसलो होतो. सातवा थर पडल्यावर जुना भ्रंश अगदी थोडा हलला आणि मग थांबला. फळी ढकलत होती, पण तिथे काहीच होत नव्हतं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मला वाटलं, नाही होणार, तेव्हाही मीच काहीतरी वेगळं पाहिलं असेन. आणि मग वीतभर पुढे, जिथे वाळू टेबलासारखी सपाट होती, तिथे केसाएवढी रेघ. हळूच एक कड वर आली. तीच जागा. मी ईव्होनचा हात धरला. ती म्हणाली, "ही? एवढी सुरकुती? मला वाटलं डोंगर निघेल." पण हात सोडवून घेतला नाही.

आज सकाळी पेटीत पाणी सोडून वाळू ओली केली आणि पात्याने काप काढला. काप समोर आहे. सहावा आणि सातवा घडी घातल्यासारखे. फोटो काढले, फुल्वियोला पाठवले. त्याचं उत्तर अर्ध्या तासात आलं: सुंदर आहे, पण साक्षीदार कोण? मी लिहिलं, शेजारीण. त्याने लिहिलं, सिन्योर लेआर्को, मला माफ करा.

तर हे असं आहे. तुझी उडी माझ्या गॅरेजात पडून आहे आणि तुझं नाव त्या यादीत तसंच राहणार. पंधरा दिवस उरलेत. सार्दिनियाला बोट कधी सुटते ते विचारून ठेवलंय, पण तुझ्या दारात येऊन मी काय म्हणणार? साक्षीला ये? ज्या माणसाने...

थांब. ईव्होन बाहेर कुणाशी तरी वाद घालते आहे. म्हणते, इथे कागद आहे, आत जायचं नाही, दिसत नाही का. बहुतेक पालिकेचा माणूस.

मारिझा, हे उभ्याने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

पालिकेचा माणूस नाही. गॅरेजच्या दारात प्रोफेसर ओर्लांदिनी उभे आहेत. काठी, टोपी, या उन्हात कोट. टॅक्सीवाला गावात यायला तयार नव्हता, म्हणून पुलापासून चालत आलेत. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. सरळ कापापाशी गेले, चष्मा वर केला आणि काचेवर बोट ठेवलं. नेमकं सहाव्यावर.

"तेव्हाही समांतरच होते," ते म्हणाले. "फोटो माझ्यासमोर आला त्याच दिवशी मी पाहिलं होतं, लेआर्को. प्रयोगशाळेचं नाव जाण्यापेक्षा एक मुलगी गेलेली मला परवडली."

ईव्होनने त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी फुल्वियोचा नंबर मागितला. मी दिला. मग ते तुझा पत्ता मागू लागले. मी म्हणालो, तो मी देणार नाही, तिला विचारल्याशिवाय नाही. आता वहीकडे बोट दाखवून म्हणताहेत, पत्ता नको, एक कोरं पान दे, माझं पत्र तुझ्याच पाकिटात घाल.

मी पान फाडून देतो आहे.